ऱ्हाईनकाठी खाणीची वकिली

बालाघाटहून गोंदियाला जाणारी छोटी गाडी सुटायच्या आधी फलाटावर आमची अर्धी वस्ती जमली होती. मी तीन आठवड्यांसाठी हॉलंडला निघाले होते. विद्यापीठाच्या फळ्यावरची एक सूचना वाचून अर्ज केला होता, आणि कोणाच्याही ध्यानीमनी नसताना निवड झाली होती. शिकायचा होता देशादेशांमधल्या पाण्याचा आणि हवेचा कायदा. ज्या वकीलसाहेबांच्या हाताखाली मी काम करत होते, ते दोन दिवस एकच विचारत होते, "हवा-पानी का भी कानून होता है क्या?" मलाही नक्की माहीत नव्हतं. मी "होता है, साहब" म्हणून वेळ मारून नेली.

माझे बाबा उकव्याकडच्या एका छोट्या मँगनीजच्या खाणीत मुकादम होते. ते नवा सदरा घालून खिडकीशी उभे होते आणि सारखी माझी ट्रंक सरळ करत होते. माय मात्र बोलत होती.

"तिथले लोक कोन्ती भाषा बोलतेत व?"

"डच, माय."

"ते तुले येते?"

"नाही."

"त्याहीले आपली येते?"

"नाही."

"मंग बरं हाय. भांडन नाही होनार."

गाडी हलली, लोकांनी "जय भीम" म्हणत हात हलवले, आणि मला रडू यायच्या ऐवजी हसू फुटलं. ते गोंदियापर्यंत थांबलं नाही. समोरच्या बाईनं विचारलं, "लगीन ठरलं का?"

गोंदियाहून मुंबई आणि मुंबईहून विमान. विमानात मी खिडकीला नाक लावून बसले होते. ढग खाली आणि आपण वर, ही गोष्ट पटायलाच मला अरबस्तान ओलांडून जावं लागलं.

हॉलंडचं पहिलं दर्शन म्हणजे जेवणाच्या थाळीसारखा सपाट मुलूख. सातपुड्यात वाढलेल्या माणसाची नजर टेकायला जागाच शोधत राहते. रस्त्यापेक्षा कालव्याचं पाणी उंच, आणि त्या पाण्यातून माझ्या डोक्यावरून बोट चाललेली. माझी राहायची सोय मारियाबाईंकडे होती. पन्नाशीच्या, दणकट, हाताला कायम मातीचा वास. त्या एकट्याच काचेच्या घरांत टोमॅटो पिकवायच्या. त्यांचं इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं होतं, म्हणून आमचं पहिल्या दिवसापासून जमलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सायकल दिली. मी बाबांच्या सायकलवर उकव्याच्या चढउतारांत शिकलेली, त्यामुळे ऐटीत साडी खोचून निघाले. तिकडच्या सायकलींना हँडलवर ब्रेक नसतो, पायडल उलटं मारलं की चाक जागीच थांबतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मजेत पायडल उलटं फिरवायची माझी जुनी सवय. चाक थांबलं, मी थांबले नाही. थेट स्लोटमध्ये (शेताभोवतीच्या पाण्याच्या चरात) गेले. एक म्हातारा धावत आला, त्यानं मला बाहेर ओढलं आणि गंभीरपणे विचारलं, "भारतात सायकलवरून असंच उतरतात का?" मी म्हटलं, "फक्त वकील." तो हसता हसता खाली बसला.

खाण्याचे हाल झाले नाहीत, पण गमती झाल्या. बाजारात मारियाबाईंनी मला हारिंग (मिठात मुरवलेला कच्चा मासा) दिला. शेपटी धरायची, मान मागे टाकायची आणि मासा वरून तोंडात सोडायचा. आमच्याकडे बोडीतला (लहान तलावातला) मासा तिखटात लाल झाल्याशिवाय ताटात येत नाही. मी डोळे मिटून गिळला, आणि दुसरा मागितला. त्या रविवारी मी त्यांच्या चुलीवर सोबत नेलेल्या चिन्नोर तांदळाचा भात केला. भाताचा सुवास खिडकीतून बाहेर गेला आणि शेजारीण काय शिजतंय ते बघायला आली. तिघींनी मिळून पातेलं रिकामं केलं.

अभ्यास मात्र पुस्तकातला कमी आणि नदीवरचा जास्त होता. आमचे प्राध्यापक रोज बारा देशांच्या आम्हा बारा जणांना बोटीत घालून ऱ्हाईनवर फिरवत. ही नदी अनेक देशांतून वाहत येते आणि हॉलंडमध्ये समुद्राला मिळते. वरच्या अंगाला खताच्या क्षारांच्या खाणी आहेत, त्यांतून निघणारं टाकाऊ मीठ नदीत सोडलं जातं, आणि खाली तेच पाणी काचेच्या घरांतल्या रोपांना घातलं जातं. मारियाबाईंच्या रोपांच्या पानांच्या कडा का करपत होत्या, ते मला बोटीत बसून कळलं. पाण्याला पासपोर्ट लागत नाही, पण नुकसान झालं तर दाद मागायला माणसाला सरहद्द आडवी येते. त्यासाठी हा कायदा. मला इतका आनंद झाला की मी वहीत 'पाण्याला पासपोर्ट लागत नाही' हे एकच वाक्य तीनदा लिहून ठेवलं.

शेवटच्या आठवड्यात प्राध्यापकांनी लुटुपुटूचा खटला ठेवला. चिठ्ठ्या टाकल्या. माझ्या चिठ्ठीत आलं: खाणीची वकील. विरुद्ध बाजूची साक्षीदार म्हणून एक खरी शेतकरीण बोलावली होती. ती कोण, हे विचारायची गरजच नव्हती.

सकाळी न्याहारीला मी मारियाबाईंना सांगितलं. त्यांनी पावाला लोणी लावायचं थांबवलं.

"म्हणजे तू माझ्याविरुद्ध बोलणार?"

"हो. आणि मला ते नीट करायचं आहे. माझे वडील खाणीत आहेत."

त्यांनी पाव माझ्या ताटात ठेवला आणि त्या रोपांकडे गेल्या. पहिल्यांदाच मला त्या देशात घरची आठवण आली.

सभागृह भरलेलं होतं. मी उभी राहिले आणि पाठ केलेलं इंग्रजी साफ विसरले. मग जे येत होतं ते सांगू लागले: पहाटेचा भोंगा, डब्यातला भात, दरड कोसळल्यावर फाटकाशी उभ्या राहिलेल्या बायका. खाण बंद करा म्हणणं सोपं आहे, पण तिच्या जिवावर किती चुली पेटतात ते आधी बघा. मध्येच माझ्या तोंडून "आमी कुठं जाऊ मंग?" असं निघून गेलं. कोणाला कळलं नाही, पण कोणी हसलंही नाही.

उलटतपासणीला मारियाबाई समोर आल्या. मी विचारलं, "वरच्या खाणीतला एखादा मजूर तुम्ही कधी पाहिला आहे का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "एक मुकादमाची मुलगी पाहिली आहे. ती माझ्या घरी राहते." मग त्यांनीच मला विचारलं, "तुझ्या वडिलांच्या खाणीचं पाणी ज्या गावाला जातं, ते गाव तू पाहिलं आहेस का?"

साक्षीदारानं वकिलाला प्रश्न विचारायचा नसतो. मी हरकत घ्यायला हवी होती. मी म्हटलं, "नाही."

खटला मी हरले. न्यायाधीश झालेल्या प्राध्यापकांनी सांगितलं की वरच्यानं खालच्याचं नुकसान करता कामा नये. पण खाण बंद करू नये, मीठ जमिनीवर साठवावं आणि त्याचा भार सगळ्या देशांनी उचलावा, एवढं माझं म्हणणं त्यांनी निकालात घेतलं. बाहेर आले तर मारियाबाई दोन सायकली धरून उभ्या होत्या.

"चांगली भांडलीस," त्या म्हणाल्या. "आता पायडल उलटं मारू नकोस."

नदीच्या बांधावरून आम्ही वारा पाठीशी घेऊन सुसाट सुटलो. त्या डचमध्ये गात होत्या, मी मराठीत. पदर पतंगासारखा उडत होता आणि हरल्याचा इतका आनंद मला आजवर कधी झाला नव्हता.

घरी परतल्यावर सगळ्यांना विमानाबद्दल ऐकायचं होतं. बाबांनी खटल्याबद्दल विचारलं.

"खानीच्या बाजूनं बोल्ली अन् हारली?"

"हौ, बाबा."

"मंग हासून काहून राह्यली?"

मी म्हटलं, "आपल्या खाणीचं पाणी कुठं जातं?"

"नाल्यात."

"अन् नाला?"

"इतकी वर्सं झाली," बाबा म्हणाले, "खाली जाऊन पाह्यलं नाही कधी."

पुढच्या सुटीच्या दिवशी आम्ही दोघं नाल्याच्या काठानं उतरलो. सागाच्या रानातून तासभर चाललो. खाली पाचसहा घरांचा टोला (वाडी) होता आणि नाल्यात खाणीचा काळपट गाळ साचला होता. एक बाई रेतीत खणलेल्या झिऱ्यातून वाटीवाटीनं पाणी काढून घागर भरत होती. तिनं हिंदीत विचारलं, "कहाँ से आए?"

"ऊपर से," बाबा म्हणाले. "खदान से."

"खदान से तो कोई नहीं आता," ती म्हणाली. "बैठो, पानी पियो."

बाबांनी लोटा हातात घेतला. एकदा पाण्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मग पूर्ण पिऊन टाकला. नंतर ते पायातली चप्पल काढून तिथेच रेतीत बसले आणि पावसाळ्यात नाल्याचं पाणी कसं येतं, ते तिला एकेक विचारू लागले.