क्विक गाडी

कोयनानगरला आमच्या कॉलनीत ॲम्ब्युलन्स चालवणारे एक निवृत्त फौजी राहायचे. वेगासाठी मराठी शब्द त्यांना पुरतच नसत. टपरीवरचा चहा ‘प्रॉम्प्ट’, पोस्टमन ‘क्विक’, आणि जावई म्हणजे “लय रॅपिड माणूस, जेवला की निघाला!” हे सगळं ते अजिबात न हसता बोलत. आम्ही मागून त्यांची नक्कल करायचो.

वडिलांच्या छातीत कळ आली तेव्हा तेच आम्हाला कराडला घेऊन निघाले. अर्ध्या वाटेतच वडिलांचा श्वास थांबला. आईला ते कळलं नव्हतं. ती त्यांचे तळवे चोळत होती. मी पुढे वाकून हळूच म्हटलं, “आता सावकाश चला.”

त्यांनी आरशातून आईकडे पाहिलं.

“न्हाई. क्विकच जायाचं,” ते पुटपुटले, आणि सायरन चालू ठेवून त्यांनी दवाखान्यापर्यंत गाडी तशीच पळवली.

डॉक्टरांनी सांगितल्यावर आई रडत बाहेर आली आणि फौजींसमोर उभी राहिली. “जरा जोरात घेतली असती गाडी, तर वाचले असते हो!”

मी बोलणार, तोच त्यांनी माझा दंड घट्ट धरला.

“व्हय वैनी,” ते मान खाली घालून म्हणाले, “मीच स्लो पडलो.”