बांधावर बसलेली मेंढरं

जतकडची ती मेंढकी दर उन्हाळ्यात कळप घेऊन आमच्या गावात येते. नाव मी कधी विचारलं नाही. माझ्या मोबाईलमध्ये ती 'मेंढरंवाली' एवढीच आहे. बोलताना तिच्या हातातलं लोकरीचं सूत थांबत नाही, आणि उत्तर द्यायचं नसलं की ती मेंढरांना हाका मारते.

मेंढरं रात्रभर ज्या रानात बसतील तिथं लेंड्यांचं खत पडतं. म्हणून अख्खा गाव तिच्या मागं लागतो.

दहाएक वर्षांमागं मी जेमतेम पंचावन्नची होते, म्हणजे अक्कलदाढ यायची होती. बांधावरून शेजारणीशी माझा अबोला. दोघींनी गुपचूप मेंढकीला फोन केले. तिनं दोघींना "व्हय" म्हटलं आणि जाळी लावून कळप नेमका बांधावरच बसवला.

पहाटे मी पाटी घेऊन शेजारणीच्या बाजूच्या लेंड्या पळवायला गेले, तर ती माझ्या बाजूला खराटा मारत होती! आमची जुंपली.

मेंढकी सूत काढत म्हणाली, "आवं आक्का, एवढी मेंढरं रातभर एका जाळीत गप बसली. तुमी तर दोघीच हायसा की!"

"ते ऱ्हाऊ दे, आज रातीला कुणाकडं?" आम्ही दोघी ओरडलो.

तिनं मेंढरांना हाक मारली आणि कळप पलीकडच्या तिसरीच्याच रानात घातला. ती बया गरम भाकरी घेऊन उभीच होती.

शेजारीण आणि मी त्या दिवशी वर्षभरानं गोडीत बोललो. दुपारपर्यंत त्या तिसरीला शिव्याच घालत होतो.