हवल्लीत भेटलेला पडेल आमदार

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत मी अकरा मतांनी पडले. सरपंचाची खुर्ची सोडताना नळपाणी योजनेची फाइल घरी आणली आणि तांदळाच्या पिंपात दडवली. जिंकलेल्या सुलभाला मनातल्या मनात म्हटलं, शोध आता! मग गावकरी सांत्वनाला यायला लागले. ते ऐकण्यापेक्षा कुवेत परवडलं, म्हणून तिथल्या हवल्लीला भावाकडे, अस्लमकडे निघाले.

व्हिसा त्यानेच काढला. मुंबईहून विमानाने चारेक तास. जाणाऱ्यांना एकच सांगते, दिनारचे रुपये करत बसू नका, चहा घशाखाली उतरणार नाही.

अस्लमची मुलगी झोया तोंड पाडून बसली होती. शाळेत प्रत्येकाने अमेरिकेच्या इतिहासातलं एकेक माणूस होऊन बोलायचं होतं. मैत्रिणींना सेनापती, संशोधक मिळाले. हिच्या वाट्याला तिथल्या एका राज्याचा जुन्या काळचा आमदार.

"फुफी, ही इज सो बोरिंग! शेती केली, इलेक्शन जिंकला, मग हरला. फिनिश."

"मतदारांना काय खाऊ घातलं?"

तिने कागद चाळले. "रम पाजली!"

"अगं, मग बोरिंग कसला? आमच्याकडे मटणावर भागतं, एवढाच फरक."

शुक्रवारी राई नावाच्या भागातल्या जुन्या बाजारातून जुना काळा कोट घेतला. दुकानदार तीन दिनार म्हणाला, मी मराठीतच भांडून दीडवर आणला. कापसाचा पांढऱ्या केसांचा टोप वहिनीने शिवला. आमदार थेट मेंढीसारखा दिसायला लागला.

शाळेत झोया झकास बोलली. चार दिवस घोड्यावरून राजधानीला जायचं, गावासाठी पूल मागायचा. अस्लम माझ्या कानात मराठी करून सांगत होता. एका पालकाने विचारलं, "हरल्यावर काय केलंत?"

झोयाने टोप सावरला. "जिंकला त्याच्या घरी गेलो. पुलाचे कागद दिले. लोकांना नदी तर ओलांडायचीच होती ना?"

टाळ्या पडल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आपा, रडतेस काय?"

"गप रे! या मेंढीने माझी ट्रिप वाया घालवली."

गावी आल्यावर आधी पिंपात हात घातला. फाइलवरचे तांदळातले टोकेकिडे झटकले आणि सुलभाचं दार वाजवलं.

"कुवेतहून काय आणलंत?" ती तोंड वाकडं करून म्हणाली.

मी फाइल पुढे केली. तिने पानं उलटली, माझ्याकडे बघितलं आणि चहा टाकला.

पाणी आलं की फीत तीच कापणार, मेली! पण नळाखाली पहिली कळशी माझी लागणार, हे तिला सांगूनच चहा प्यायले.