पंगत उठेना

मला जमिनीवर उत्तम बसता येतं. उठता येत नाही.

बसण्याचं श्रेय तसं माझं नाहीच. मी कंबरेत जराशी वाकते, पुढचं सगळं पृथ्वी बघून घेते. उठायच्या वेळी मात्र ती ओळखसुद्धा दाखवत नाही! (जन्मभर शाळेत मी भूगोल शिकवला. पृथ्वीबद्दल इतकं चांगलं बोलल्याचं हे फळ.)

मला स्नायूंचा आजार आहे. ऐन तारुण्यात सुरू झाला. तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "बाई, हा बरा होत नाही. पण घाईही करत नाही." दोन्ही गोष्टी खऱ्या ठरल्या. आधी त्यानं माझं पळणं नेलं, मग जिना नेला, मग वरच्या फळीवरचा डबा. मीही काही हसत हसत दिलं नाही, प्रत्येक वेळी चांगली भांडले. म्हातारपणात एक फायदा मात्र झाला. तरुणपणी मी कठडा धरून चढायची तेव्हा लोक वळून वळून बघायचे. आता माझ्या वयाच्या सगळ्याच बायका कठडा धरतात. मी तिथं त्यांच्या आधी पोचले एवढंच! हल्ली तर कठड्याला जागा मिळत नाही.

हे गेल्यापासून अमरावतीच्या घरात मी एकटी राहते. पलंगाखाली विटा, खुर्चीखाली ठोकळे, न्हाणीघरात दांडे. सगळं घर माझ्या गुडघ्यांच्या मर्जीनं उभं आहे. त्या घरात मला उठायला कुणाचा हात लागत नाही, आणि हीच गोष्ट माझा मुलगा निखिल याला पटत नाही. तो पुण्याला असतो. परवा खास रजा काढून आला, आणि मला गाडीत घालून माझ्या भावाच्या गावी, हिवरखेडला निघाला. गाडी शहराबाहेर पडते न पडते तोच सुरू झाला.

"आई, बास झालं आता. पुण्याला चल."

"कायले?"

"एकटी असताना पडलीस तर?"

"पडन त पडन. पडणं मला चांगलं जमतं. प्रश्न उठण्याचा आहे."

"तेच म्हणतोय ना मी!"

वाद अकोल्याच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांसारखा संपेचना. शेवटी निखिल म्हणाला, "ठीक आहे. आजचा दिवस बघू. आज तुला कुणीही धरून उठवलं नाही, तर मी पुण्याचं नाव काढणार नाही. पण एकदा जरी कुणी उचललं, तर सामान बांधायचं."

"कबूल!" मी म्हणाले. कारण माझं गणित सोपं होतं. दिवसभर खुर्ची सोडायची नाही. खुर्चीवरून मी उठते. दोन हात, एक हिसका आणि एक शिवी (मनातल्या मनात).

हिवरखेडला माझा धाकटा भाऊ वसंता याच्या शेतात रोडगे होते. त्याच्या गजूचं लग्न जमत नव्हतं. मुलगा पदवीधर, जमीन काळीभोर, बोअरला पाणी. पण शेती करतो म्हटलं की मुलीकडचे फोन ठेवून द्यायचे. गजूला बायको मिळू दे, शेतातल्या मारुतीला रोडगे करीन, असा वसंतानं नवस केला. शेवटी चांदूर बाजारची एक शहाणी मुलगी हो म्हणाली, लग्न झालं, आणि आता नवस फेडायला मुलीकडची सगळी मंडळी आली होती.

आम्ही पोचलो तेव्हा गोवऱ्यांच्या निखाऱ्यात रोडगे भाजत होते. कणकेचे ते जाडजूड गोळे राखेतून काढून, झटकून, तुपात बुडवले की माणसाला आपलं वय आठवत नाही. शेजारच्या कढईत वांग्याची भाजी रटरटत होती. माझी भावजय पुष्पा हिनं माझ्यासाठी कडुलिंबाच्या सावलीत खुर्ची टाकली. मी निखिलकडे बघून हसले.

तेवढ्यात विहीणबाई आल्या, म्हणजे गजूची सासू. चांगल्या दणकट, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान. पुष्पानं त्यांनाही खुर्ची दिली, तर त्यांनी ती बाजूला सारली.

"नवसाचं अन्न मी खुर्चीवर बसून नाई खात जी! मी खालीच बसन."

आणि बसल्या की हो सतरंजीवर!

पुष्पा माझ्या कानाशी आली. "बाई, विहीण खाली अन् तुमी वर, बरं दिसन का?"

नसतंच दिसलं. आमच्याकडे नव्या विहिणीपेक्षा मुलाच्या आत्यानं उंचावर बसायचं म्हणजे ते बोलणं पुढच्या तीन पिढ्या पुरतं. घरात स्नायू गेले तरी चालतं, मान जाऊन चालत नाही. पण मीही कच्च्या गुरूची चेली नव्हे. पंगतीच्या टोकाला एक बाज ठेवलेली होती, जुनी, जाड लाकडाची. मी माझी पत्रावळ बरोबर तिच्या शेजारी मांडली. जेवण झालं की बाजेला धरायचं आणि उठायचं. मी वाकले, आणि पृथ्वीनं मला नेहमीच्या तत्परतेनं खाली घेतलं.

आज पुष्पानं दंडक मोडून पहिली पंगत बायकांची बसवली होती. पुरुष वाढत होते. पहिला रोडगा अर्धा झाला असेल, तोच पलीकडून वसंताचा आवाज आला.

"व्याह्यायले उनाचं गरगरून राह्यलं! आडवं होऊ द्या त्यायले! बाज आना रे, बाज!"

दोन धट्टेकट्टे गडी धावत आले आणि त्यांनी बाज उचलली. माझी बाज!

"अरे, अरे..." मी म्हणाले.

"आनून देतो बाई!" म्हणाले आणि गेले. व्याही त्या बाजेवर आडवे झाले ते थेट घोरायलाच लागले. व्याह्याच्या अंगाखालून बाज ओढायची हिंमत अख्ख्या वऱ्हाडात कुणाची नाही.

माझ्या आजूबाजूला आता काहीच नव्हतं. झाड दूर, भिंत हिवरखेडात. आणि समोर निखिल, माझ्याच खुर्चीवर हाताची घडी घालून, परीक्षेतल्या पर्यवेक्षकासारखा! मी वसंताला खुणावायला हात वर केला.

"आलो बाई! अबे, बाईले रोडगा वाढा!"

"रोडगा नोको रे मले. मले..."

निखिल कान देऊन ऐकत होता.

"मले... तूप पायजे," मी म्हणाले.

तूप आलं. तुपाबरोबर, कोरडं कसं खाणार म्हणून, रोडगाही आला. थोड्या वेळानं मी जमिनीवर हात टेकून अंदाज घेत होते, तर पुष्पाला वाटलं मी वाडगं शोधते आहे. वरण आलं. मग मी नुसती मान वळवून बाजेकडे पाहिलं, तर वांगी आली!

पंगत जेवून संपली. सगळ्या बायका हात वाळवत बसून राहिल्या. आमच्याकडे पंगतीतलं मोठं माणूस उठल्याशिवाय बाकीचे उठत नाहीत, आणि त्या पंगतीत सगळ्यांत मोठी होते मी. मी एकटीच मागे राहिले असते, तर रांगत कशाला तरी गाठलं असतं. पण मी उठल्याशिवाय त्या जाणार नव्हत्या, आणि त्या गेल्याशिवाय मला उठायचा मार्ग नव्हता.

दुसऱ्या पंगतीचे पुरुष भुकेनं येरझाऱ्या घालायला लागले.

"पंगत उठून काहून नाई राह्यली?"

"ते अमरावतीची आत्या जेवून राह्यली अजून."

"काहून? अमरावतीले जेवाले भेटत नाई का?"

मी विहीणबाईंकडे वळले. "उठा न जी. तुमी पाव्हन्या हा, तुमी आंधी."

"नाई जी, तुमी मोठ्या. तुमी आंधी."

"आवो, आज तुमचा मान."

"तुमच्या आंधी मी उठन त पाप लागन मले."

असं बरंच चाललं. मग विहीणबाई एकदम जवळ सरकल्या आणि हळूच म्हणाल्या, "बाई, खरं सांगू का? तुमी बसून हा ना, तेच बरं हाय. माये गुडघे धरले. मले उठताच नाई येऊन राह्यलं."

"मले बी!" त्यांच्या पलीकडून कुणीतरी म्हणालं.

"माया त पाय झोपला कवाचा," आणखी पलीकडून आलं.

सगळी पंगत मला मान देत होती असं मला वाटत होतं, आणि इथं सगळ्याच जणी अडकून पडल्या होत्या! मला इतका आनंद झाला की काय सांगू. जन्मभर ज्या विषयाचा मी एकटीनं अभ्यास केला, त्याला एकदम अख्खा वर्ग मिळाला. मी शाळेतला आवाज काढला.

"ऐका! सरळ उठायले जाऊ नोका. आंधी कुशीवर व्हा. आता दोन्ही हात टेका. गुडघ्यावर या. लाजू नोका वं, सगळ्यायचंच बूड वर हाय! एक पाय पुढं. आता माया खांद्यावर जोर द्या अन् उठा!"

डझनभर बायका शेतात हातापायांवर झाल्या.

"काय करून राह्यल्या ह्या?" एकानं विचारलं.

"मारोतीले दंडवत घालून राह्यल्या असन," दुसरा म्हणाला, आणि चार-पाच पुरुषांनी टोप्या काढून हात जोडले!

एकेक जण माझ्या खांद्यावर भार देऊन उठली. विहीणबाई तर अशा झोकात उठल्या की मी अर्धी वीत काळ्या मातीत गेले. सगळ्या हसत, पदर झटकत हात धुवायला गेल्या. वर्ग पास झाला, आणि मास्तरीणबाई पत्रावळीसमोर बसलेल्याच राहिल्या. कारण त्यांना माझा खांदा होता, मला कुणाचा?

मी पुढं काही बोलायच्या आत भुकेजलेले पुरुष धाडदिशी माझ्या दोन्ही बाजूंना येऊन बसले. "बाई अजून हायच का?" वसंता खुश होऊन ओरडला. "बस, बस! वाढा रे बाईले!" आणि मी दुसऱ्या पंगतीला जेवले. काय करता!

निखिल येऊन माझ्याजवळ उकिडवा बसला. "आई, देऊ का हात?"

त्याच्या आवाजात जिंकल्याचा आनंद असता तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. पण त्यात काळजीच होती, आणि त्यामुळे मी घाबरले. पुण्यात तो मला फुलासारखं सांभाळेल हे मला ठाऊक आहे. सकाळी हात देईल, दुपारी देईल, आणि एक दिवस मी स्वतः उठून बघायचंच विसरून जाईन. जे आजाराला इतक्या वर्षांत जमलं नाही, ते माझ्या पोराच्या मायेला वर्षभरात जमेल. मी म्हणाले, "नोको. तू तुझ्या खुर्चीवर जा."

तेवढ्यात विहीणबाई परत आल्या. कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या. "आमाले उठवलं अन् सोता बसूनच? काय झालं जी?"

मग मी सांगून टाकलं. आजार, पैज, पुणे, बाज, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं, माझ्यापुढं पाठ करून उभ्या राहिल्या, पाय फाकवले आणि दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले.

"धरा."

"आवो, कोणी उचलाचं नाई, असं ठरलं हाय."

"मी कुठं उचलून राह्यली? मी हात बी नाई लावत. मी भिंत हाय."

"हे नाही चालणार," निखिल म्हणाला.

विहीणबाईंनी त्याच वाकलेल्या अवस्थेत मान वळवली. "काहून? भिंत धरून उठलं त चालते का नाई?"

"चालतं, पण..."

"मंग? आमी पोरगी देल्ली तुमच्या घरी, अन् तुमी आमाले भिंत बी होऊ देत नाई?"

नव्या विहिणीपुढे बोलायची पुण्यात राहिलेल्या माणसाचीही छाती होत नाही. मी कुशीवर झाले. हात टेकले, गुडघ्यांवर आले. दुसरी अख्खी पंगत हातातला घास हातात धरून बघत होती. मी विहीणबाईंच्या कंबरेला धरलं. माझ्या मांड्या थरथरायला लागल्या, त्यांचे गुडघे कडकड वाजले, क्षणभर वाटलं आता भिंतीसकट कोसळणार. "हाट!" त्या ओरडल्या. (बैलाला ओरडतात तसं. मला राग आला नाही.) मी मनातली शिवी या वेळी मोठ्यानं दिली आणि उभी राहिले!

उभी! वसंतानं उष्ट्या हातानं टाळ्या वाजवल्या. मला रडू आलं आणि मी ते अजिबात लपवलं नाही. निखिल चष्मा पुसत पुसत म्हणाला, "ठीक आहे, आई. अमरावती." मी विहीणबाईंना मिठी मारली, आणि पुन्हा कुणी बसायला सांगायच्या आत तडक गाडी गाठली.

दिवेलागणीला अमरावतीत आमच्या दारात गाडी थांबली. गाडीचं दार धरून उतरायची माझी सवय. मी दार धरलं. हिसका दिला. शिवी दिली. काही उपयोग होईना, कारण दोन पंगतींचे रोडगे मधे येत होते.

"आई, हात देऊ?" निखिलनं घाबरत घाबरत विचारलं.

"दे. पण लक्षात ठेव, आपली पैज आजारावर होती. रोडगे त्यात धरलेले नाहीत!"

त्यानं मान्य केलं, माझे दोन्ही हात धरले आणि जोर लावून ओढलं. मी जागची हलले नाही. शेवटी त्याला समोरच्या घरातल्या काकांनाही बोलवावं लागलं.