वहिनीचं रॉकेट किती वर गेलं

माझी वहिनी रत्नप्रभा हिने पन्नाशी उलटल्यावर रॉकेट उडवायचं मनावर घेतलं. या वयात कुणी भजनी मंडळ धरतं, कुणी योगासनं. आमच्या वहिनीने टेलिफोनच्या नोकरीतून मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि हौशी रॉकेटवाल्यांच्या क्लबात नाव घातलं. कांदिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत आधीच दादा, वहिनी आणि बिनलग्नाची नणंद म्हणून मी. त्यात माणसाएवढं एक नळकांडं कपाटाला टेकून उभं राहिलं. मी तोंड सोडलंच. नणंदेला एवढा तरी हक्क असतोच.

"गप गो कुंदा," ती म्हणायची. "तुझ्या डोक्यार पडूचां नाय."

तिला एक किलोमीटर गाठायचं होतं, आणि ते गाठलं हे नक्की कळायला हवं होतं. लहानपणी मालवणला दिवाळीत बाण उडवला की बाकीची पोरं उजेड बघून टाळ्या वाजवायची, आणि ही विचारत सुटायची, किती वर गेला? कुणी म्हणायचं माडाएवढा, कुणी म्हणायचं देवळाच्या कळसाएवढा. तिला ते उत्तर कधी पटलंच नाही. "अंदाज नको, माका आकडो होयो," असं ती या वयातही म्हणायची.

मोठं रॉकेट वर पाठवणं सोपं, ते धड खाली आणणं कठीण, हे मला तिच्यामुळे कळलं. योग्य वेळी छत्री उघडली नाही तर महिन्यांची मेहनत भाल्यासारखी जमिनीत घुसते. उघडली, तर वारा कुठे नेईल सांगता येत नाही. म्हणजे दोन वस्तू लागतात. एक, हवेच्या दाबावरून उंची ओळखून छत्री उघडणारी इलेक्ट्रॉनिक पट्टी. दुसरी, पडलेलं रॉकेट शोधून देणारी. दोन्ही चांगल्या घ्यायच्या तर दादाने डोक्याला हात लावला असता.

तीनेक महिने आमच्या जेवणाच्या टेबलावर दुसरा विषय नव्हता. कोळणीकडे पापलेट निवडतानाही तिने इतका वेळ कधी घेतला नसेल. स्वस्तातला टायमर? तो नुसता वेळ मोजतो, उंची सांगत नाही, बाद. उपग्रहावरून जागा कळवणारा, स्वतःचा रेडिओ असलेला ट्रॅकर? उत्तम, पण त्याला ऐकणारं यंत्र वेगळं विकत घ्यायचं. शेवटी तिचं ठरलं. छत्री उघडणाऱ्या वस्तूत काटकसर करायची नाही, शोधणारी स्वस्त चालेल. मुलुंडच्या एका क्लबवाल्याकडून तिने वापरलेली पण चांगली उंचीपट्टी आणली. तिला बॅटरी जोडली की ती मागच्या उड्डाणाची उंची पीं पीं करून एकेक आकडा सांगायची. शून्यासाठी दहा शिट्ट्या. हे ती मला कितीदा समजावायची, आणि मी भांडी घासत "हं हं" करायचे.

शोधायला तिने घेतला बटणाएवढा टॅग, लोक किल्ल्यांना लावतात तो. त्यावर तिचा भारी विश्वास. कारण एकदा तिची पर्स रिक्षात राहिली होती आणि टॅगने ती थेट वाकोल्याच्या एका गल्लीत दाखवली. मग तिने तो गुपचूप दादाच्या डब्याच्या पिशवीत टाकून पाहिला. दादा म्हणजे असा प्राणी की भाजीवाल्यासमोर उभा राहूनही बायकोला फोन करणार, "कोथिंबीर एक जुडी की दोन?" त्या दिवशी ऑफिसात आहे म्हणाला आणि ठिपका घाटकोपरच्या मिसळीच्या दुकानात. वहिनी हसून हसून बेजार. टॅग पास झाला.

जानेवारीत मुरबाडच्या पुढे, माळावर, क्लबाने रीतसर परवानगी काढून उड्डाण ठेवलं. मीही गेले, नावं ठेवायला कुणीतरी हवं ना. रॉकेट सुटलं आणि दिसेनासं झालं. मान दुखेपर्यंत बघत राहिलो. मग फार वर एक ठिपका दिसला. छत्री उघडली होती, पण जमिनीजवळ आल्यावर उघडायची ती वरच्या वरच उघडली होती. वाऱ्याने ती डोंगरापलीकडे नेली.

वहिनीने शांतपणे फोन काढला. टॅगचा ठिपका आम्ही उभे होतो तिथेच दाखवत होता.

तेव्हा तिच्या लक्षात आलं. त्या टॅगला स्वतःचं काही कळत नाही. तो फक्त हाक मारतो. जवळून जाणाऱ्या कुणाचा तरी फोन ती हाक ऐकतो आणि जागा कळवतो. मुंबईत हाकेला हजार फोन. डोंगरापलीकडे चिटपाखरू नव्हतं. जन्मभर गर्दीत राहिलेल्या बाईला माणसं नसलेली जागा असते हे सुचलंच नाही.

"वाट लागली ना?" मी म्हटलं.

"पडलां आसा खयतरी. कोण ना कोण जायतच तेच्या वाटेन."

आम्ही दोनदा शोधायला गेलो. रान सगळं सारखंच. त्यानंतर वहिनी रोज सकाळी चहा ठेवून फोन बघायची. टॅगची बॅटरी जेमतेम वर्षभर पुरणार होती. "एकदा आकडो कळलो काय मी सुटलंय," म्हणायची.

जूनमध्ये वहिनी गेली. छातीत दुखतंय म्हणाली आणि हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. तिची फार आठवण येते. घरात मला "गप गो" म्हणणारं कुणी उरलं नाही आणि माझी बडबड आपोआप कमी झाली.

तिचा फोन मी रोज चार्ज करायचे. दादा न चुकता रिचार्ज मारायचा. आम्ही त्याबद्दल एकमेकांशी बोललो नाही. चहा ठेवला की मी ठिपका बघायचे.

भाऊबीजेच्या सकाळी ठिपका हलला होता. डोंगरापलीकडच्या एका पाड्यावर.

मी आणि दादा दुसऱ्याच दिवशी निघालो. पाड्यावर मालन नावाच्या बाईच्या ओसरीवर ते टांगलेलं होतं, छत्री घडी करून आत कोंबलेली. पावसाळ्याआधी तिला रानात सापडलं होतं.

"कुणाचं तरी हाय, येतील म्हनून ठिवलं," ती म्हणाली. घरात साधा बटणांचा फोन. मग हाक ऐकली कुणी? तिची मुलगी प्रांजल बाहेर आली. मानखुर्दला नर्स आहे, दिवाळीला माहेरी आली होती, नवा फोन घेऊन. मालनने आम्हाला चहा दिला आणि विचारलं, "ज्या बाईंचं हाय त्या न्हाई आल्या?" दादा कपाकडे बघत राहिला. मी सांगितलं.

घरी आल्यावर टेबलावर वर्तमानपत्र पसरून मी पट्टी बाहेर काढली. माती झटकली, तारा पुसल्या, नवी बॅटरी जोडली. वहिनीचा फोन बाजूलाच चार्जिंगला होता. दादा खुर्चीच्या मागे उभा. बसायला तयार नव्हता.

पीं. मग थांबली.

एक. मी बोट दुमडलं. पुढे आणखी तीन आकडे आले की झालं हजार. दहा शिट्ट्या. शून्य. मग चार. मग सात. आणि मोठी शांतता.

"एक हजार सत्तेचाळीस," मी म्हटलं. "दादा, झालं तिचं."

पट्टी पुन्हा पहिल्यापासून तेच सांगू लागली. दादाचा चेहरा इतक्या महिन्यांनी उजळला. "थांब, तिला सांगतो," म्हणत त्याने खिशातून फोन काढला आणि लावलाही.

टेबलावर वहिनीचा फोन वाजायला लागला.

दादाने तो कापला नाही, मी उचलला नाही. वाजून वाजून तो बंद झाला. मग दादा खुर्चीत बसला, आणि बॅटरी काढू नकोस म्हणाला.