चौकशीला मीच गेले

आमच्याकडे स्थळाची चौकशी करायला मामा जातो. मुलाच्या घराजवळच्या टपरीवर पान खायचं, वाण्याकडे काडेपेटी मागायची आणि बोलता बोलता विषय काढायचा, की माणसं कशी आहेत, मुलाला काही नाद आहे का. माझा मामा पनवेलला जाऊन आला आणि स्थळ चोख आहे म्हणाला. माझा त्याच्यावर विश्वास नव्हता. मामाला कुणी पोटभर पोहे खाऊ घातले की ते घर त्याला खानदानी वाटतं.

रविवारी निरोप द्यायचा होता. आधीची दोन स्थळं मी नाकारली होती आणि दोन्ही वेळा कारण हाताशी होतं. एकाने नोकरीबद्दल थाप मारली होती, दुसऱ्याची आई आडून आडून देण्याघेण्याचं बोलली होती. या वेळी बाबा म्हणाले, काही खोट असेल तर सांग, नसेल तर मी होकार कळवतो. मुलगा मला बघून गेला होता, त्यांच्याकडून पसंती आली होती. तळोज्याला कंपनीत नोकरी, जुन्या पनवेलात तळ्याजवळ स्वतःचं घर. त्याच आठवड्यात, शनिवारी, एका नोकरभरतीच्या परीक्षेसाठी मला नवीन पनवेलच्या शाळेत केंद्र आलं. पेपर एकला सुटणार होता आणि परतीची लातूरची एसटी संध्याकाळी सहाला होती. मधल्या वेळात काय करायचं ते मी ठरवूनच निघाले होते. घरी बोलले नाही.

पनवेल मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. पेपर देऊन बाहेर पडले तर सगळे रस्ते सरळ, सगळ्या इमारती सारख्या, आणि पत्ता म्हणून नुसते आकडे. अंगाला घाम असा चिकटला होता की ओढणीसुद्धा जड वाटत होती. आमचं ऊन भाजतं, पण निदान कोरडं असतं. स्टेशनचा पूल ओलांडला, मग हायवे. हायवेच्या कडेला मी दहा मिनिटं नुसती उभी होते, ट्रक थांबायचं नाव घेईनात. शेवटी एका म्हाताऱ्याच्या मागून पळत सुटले.

रस्ता विचारावा तर जो तो मला भलतीकडेच पाठवायला बघायचा. पुण्याला जायचंय का, गोव्याची गाडी हवी असेल तर पळस्प्याला जा, उरणची तिकडून सुटते. गावातच जायचंय म्हटलं तर रिक्षावाल्याने माझ्याकडे पुन्हा एकदा पाहिलं. इथे कुणी राहायला येतच नसावं, सगळे कुठूनतरी कुठेतरी जाताना टेकलेले, असं मला वाटलं. हे बाबांना सांगता येईल म्हणून मी ते मनात नोंदवून ठेवलं. गटारं नोंदवली, भर दुपारी चावणारे डास नोंदवले, सुक्या बोंबलांचा वास तर दोनदा नोंदवला. मी गावाला नावं ठेवत चालले होते आणि त्यात मला बरं वाटत होतं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

तळं मात्र चांगलं निघालं. मोठं, काठाला झाडं, पायरीवर बसलेली माणसं. मला त्याचा रागच आला.

मुलाच्या गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान होतं. गल्ल्यावर दाढीवाले चाचा बसले होते, पाठीमागे कुवेतहून आणलेलं भलंमोठं घड्याळ. गिऱ्हाईक नव्हतं. मी साबणाची वडी घेतली आणि खोली भाड्याने हवी आहे, शेजार कसा आहे, असं सुरू केलं. दोन प्रश्नांतच त्यांनी ओळखलं. खोली शोधणारी मुलगी त्या घरातला मुलगा पितो का हे विचारत नाही, असं ते हसून म्हणाले. इतकी वर्षं चौकशीला मामे-काके येतात, मुलगी स्वतः पहिल्यांदाच आली, आणि हे त्यांना आवडलं होतं. त्यांनी मला स्टूल दिलं, पाणी दिलं. शरीफ घर आहे, म्हणाले. चाचांचे वालिद, म्हणजे वडील, वारले तेव्हा त्या मुलाच्या वडिलांनी तीन दिवस यांचं दुकान सांभाळलं होतं. मुलगा कसा, तर कधी उंच आवाज नाही. मी विचारलं, आई रागीट आहे असं ऐकलंय. असं मी कुठेच ऐकलं नव्हतं. चाचा जरा विचारात पडले आणि म्हणाले, ते बायकांचं बायकांना माहीत, उरण नाक्यावर गव्हाण गावची एक भाजीवाली बसते, ती रोज सकाळी त्यांच्या दारात जाते, तिला विचार.

मी जवळजवळ पळतच उरण नाक्यावर गेले. चार वाजत आले होते आणि माझ्या हाती काहीच लागलं नव्हतं.

भाजीवाली सापडली. पन्नाशीची बाई, हातात सोन्याच्या जाड बांगड्या, समोर माठ आणि मुळ्याच्या जुड्या. घरी बसून करमत नाही म्हणून येते, जमिनी सरकारने घेतल्या, त्या पैशांत पोरांनी बंगला बांधला, पण बंगल्यात दिवसभर करायचं काय, हे तिने न विचारता सांगितलं. मी या वेळी थापा मारल्या नाहीत. स्थळ आलंय म्हणून सांगितलं आणि समोरच उकिडवी बसले.

तिने सगळं सांगितलं. आई घासाघीस करते, पण उरलंसुरलं गळ्यात मारून घेते, परत पाठवत नाही. पावसात एकदा हिला ओट्यावर बसवून चहा दिला होता. मुलगा ड्युटीवरून येताना दिसला तर हिची टोपली उचलून डोक्यावर ठेवून देतो. जवळच विचुंब्याला त्याने फ्लॅट बुक केलाय, म्हणजे पुढे वेगळंसुद्धा राहता येईल. मी विचारत गेले. थोरल्या सुनेला त्रास? नाही. मुलाचं कुठे काही प्रकरण? तिने मान हलवली. कंजूष आहे का, देवाधर्माचं फार आहे का, आजारी असतो का. माझा आवाज चढत होता आणि मला ते कळत नव्हतं.

तिने हातातली जुडी खाली ठेवली.

"पोरी, मी मगासपासून तुला चांगलाच सांगते, पन दर खेपेला तुजा तोंड उतरतंय. तुला तो नको हाय ना?"

मी मुळ्याची एक जुडी उचलली आणि परत ठेवली.

"मंग पोरात खोट कशाला शोधतेस? खोट घावली नाय, तर नको बोलता येत नाय का?"

माझे डोळे भरून आले, आणि भर बाजारात रडू येतंय याची लाजही वाटली. तिने विचारलं, दुसरा कुणी आहे का. नव्हता. शिकायचं आहे का, नोकरी हवी आहे का. तेही होतं, पण ते कारण नव्हतं. त्या मुलाबरोबर जन्म काढायचा विचार केला की छातीत दडपायचं, एवढंच होतं, आणि एवढंसं कुणाला सांगायची मला चोरी वाटत होती. एका भल्या घराची लाज काढून स्वतः सुटायला मी साडेचारशे किलोमीटर आले होते.

स्टँडवर एसटीडी बूथ होता. साडेपाचला बाबांना फोन लावला. कुठे जाऊन आले ते आधी सांगून टाकलं. ते ओरडतील असं वाटलं होतं, पण ते ऐकत राहिले. मी म्हणाले, घर चांगलं आहे, माणसं चांगली आहेत, मुलगा मामा म्हणाला त्याहून चांगला आहे. "मग?" बाबांनी विचारलं.

"मला नको आहे, बाबा."

"कारण?"

"कारण नाही."

बूथवाला काचेतून माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे पाठ केली. मग बाबांनी विचारलं, त्यांना काय कळवायचं. पत्रिका जुळत नाही म्हणू का?

"नको. मुलीला नको आहे, असं कळवा."

"मुलीला नको आहे," ते सावकाश म्हणाले. ते वाक्य त्यांनी आधी कधी उच्चारलं नसावं. "एवढंच?"

"एवढंच."

"बरं. मग हा निरोप मामाकडून नको. मीच करतो त्यांना फोन."