सासरेबुवांचा नवा ब्राउझर

आमच्या सासरेबुवांना मदत करायला जाणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा मारून घेणं. त्यांच्याइतका हट्टी माणूस मी पाहिला नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांच्याइतकं मला या घरात कुणी आवडतही नाही. यातलं दुसरं वाक्य त्यांना कुणी सांगू नका, डोक्यावर चढून बसतील.

उभा जन्म त्यांनी घड्याळं दुरुस्त केली. दुकानात खिडकीजवळ टेबल, डोळ्याला भिंग, हातात चिमटा आणि समोर मोहरीहून बारीक स्क्रू. मग उजवा हात थरथरायला लागला. औषधं झाली, व्यायाम झाले, हात काही ऐकेना. एकदा गिऱ्हाइकाच्या घड्याळातली स्प्रिंग त्यांच्या चिमट्याखाली वाकली. ते घड्याळ त्यांनी स्वतः दुसऱ्या कारागिराकडे नेऊन दिलं आणि दुकान बंद केलं. घरी येऊन एवढंच म्हणाले, "चहा टाक."

पुढे हातकाम शिकवणाऱ्या एका संस्थेने त्यांना लॅपटॉपवरून वर्ग घ्यायला बोलावलं. लॅपटॉपमधला ब्राउझर इतका जुनाट, की त्यात कॅमेरा चालायचा नाही, नुसता आवाज जायचा-यायचा. सासऱ्यांना तेच तर हवं होतं. ते बोलून शिकवत, आणि असं शिकवत की भाजी चिरता चिरता मलाही एखादं घड्याळ उघडून बघावंसं वाटे. नवा ब्राउझर घ्या म्हटलं की म्हणायचे, "याला काय धाड भरलीय?" खरं कारण माझ्याजवळ एकदाच बोलले होते. "ज्याचा हात थरथरतो, त्याच्याकडून हातकाम कोण शिकेल गं?"

आणि एक दिवस सकाळीच संस्थेचा निरोप आला. आजच्या वर्गापासून जुना ब्राउझर चालणार नाही, शिक्षकाने कॅमेरा लावलाच पाहिजे. नवरा फोनवर म्हणाला, "संध्याकाळी येऊन बसवून देतो." वर्ग तर दुपारी होता.

"वर्ग माझा आहे, मी बसवेन," सासरे म्हणाले. "नाही जमलं तर कळवून टाकू, शिकवणं बंद."

दुकान गेलंच होतं, आता हेही गेलं तर या माणसाने दिवसभर करायचं काय?

डाउनलोड झालं. पण फाइलवर दोनदा क्लिक करायचं, तिथे बोटाने चार-पाचदा केलं आणि एकावर एक खिडक्या उघडल्या. मी माउसकडे हात नेला.

"हात मागे."

घेतला मागे.

त्यांनी माउस बाजूला सारला, उजवा हात मांडीखाली दाबला आणि डाव्या हाताच्या एका बोटाने कीबोर्ड चाचपायला सुरुवात केली. टॅब दाबलं की पुढच्या बटणाभोवती चौकट येते, एंटर दाबलं की ते बटण दाबलं जातं, हे त्यांनी दाबून दाबून शोधून काढलं. मग निवांत एकेक खिडकी बंद केली आणि पहिल्यापासून सुरुवात. या ॲपला लॅपटॉपमध्ये बदल करू द्यायचे का, असं पडद्यावर आलं.

"विचारतो तरी बिचारा," सासरे म्हणाले. "घरात मला कोण विचारतं?"

"बाबा, वर्गाची वेळ झाली, दाबा ना!"

"अगं, झाकण काढण्याआधी घड्याळ सगळीकडून बघायचं असतं." आणि बसले वाचत. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण पट्टी सरकत सरकत शेवटाला गेली आणि नवा ब्राउझर उघडला. त्या डाव्या बोटाचं मला इतकं कौतुक वाटलं की डोळे भरून आले.

"जुना काढून टाकू का?" मी विचारलं.

"नवा नीट चालल्याशिवाय जुन्याला हात लावायचा नाही."

वर्गाचं पान उघडलं आणि ब्राउझरने विचारलं, कॅमेरा वापरू द्यायचा का? 'हो' आणि 'नको'. त्यांच्या बोटाने चौकट 'नको'वर नेली, 'हो'वर आणली, परत 'नको'वर नेली. शेवटी त्यांनी 'हो'वर एंटर मारलं, मांडीखालचा हात काढला आणि कॅमेऱ्यासमोर धरला.

"हा माझा हात. यामुळेच दुकान बंद केलं. कुणाला दुसरा मास्तर हवा असेल तर आत्ताच सांगा, मला राग यायचा नाही."



आणि बोलता बोलता सासरे पुढे वाकले. पडद्यावर छोट्या छोट्या चौकटी होत्या, आणि त्यांत मुलांची टेबलं, मुलांचे हात. इतके दिवस त्यांनी ते पाहिलेच नव्हते.

"ए, निळ्या शर्टातली! चिमटा असा धरतेस?"

"सर, तुम्हीच म्हणालात, पेन धरतो तसा."

"अगं बाळा, म्हणजे असा नाही! अरे देवा, आणि मी समजत होतो, नुसतं बोलून कळलं सगळ्यांना! पहिलं बोट पुढे घे. अजून. हे बघ, इथे."

त्यांनी उजव्या हाताचं बोट पार कॅमेऱ्याजवळ नेलं. ते थरथरत होतं, त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं, आणि पलीकडची मुलगी त्याच बोटाकडे बघत आपलं बोट जागेवर आणत होती.